तिकीट खिडकीतला गिटारवादक : मँचेस्टर, ४ जून १९७६

शुक्रवार, ४ जून १९७६. मँचेस्टर शहराच्या मधोमध, पीटर स्ट्रीटवर फ्री ट्रेड हॉलची भली थोरली दगडी इमारत आहे. तिच्या वरच्या अंगाला तेव्हा एक छोटं सभागृह होतं, लेसर फ्री ट्रेड हॉल. त्या संध्याकाळी तिथे लंडनहून आलेला सेक्स पिस्टल्स नावाचा एक बँड वाजवून गेला. तोवर त्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नव्हती. तिकीट पन्नास पेन्स, आणि आलेली माणसं चाळिसाच्या आसपास.

त्या चाळिसांतल्या कितीतरी जणांनी पुढे बँड काढले, गाणी केली, संगीतावर लिहिलं. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला आता दंतकथेचं रूप आलंय. ‘त्या रात्री मी तिथे होतो’ म्हणणाऱ्या सगळ्यांना एकत्र बसवायचं ठरवलं, तर तो हॉल पुरणार नाही. दंतकथेत चमत्कार लागतो, आणि इथे तो असा सांगितला जातो: लंडनचा बँड आला, अर्धा-पाऊण तास गोंगाट केला आणि एका शहराचं संगीत बदललं.

मला हे पटत नाही. संगीताचा छोटा कार्यक्रम ज्यांनी एकदा तरी स्वतःच्या जिवावर उभा केला आहे, त्यांनी हे प्रकरण तिकीट खिडकीकडून बघावं असं मला वाटतं. त्या खिडकीत पीट शेली नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा बसला होता. त्या रात्री खरं तर तोही वाजवणार होता, पण त्याच्या बँडमध्ये पुरेशी माणसंच नव्हती. ती रात्र लक्षात का राहिली, याचं बरंचसं उत्तर या एका गोष्टीत आहे.

दोन पोरं आणि उसनी गाडी

शेली आणि हॉवर्ड डिव्होटो हे दोघे मँचेस्टरजवळच्या बोल्टन गावातल्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विद्यार्थी. डिव्होटो तीनेक वर्षांनी मोठा. त्यानेच १९७५ साली कॉलेजच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली होती: व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन बँडच्या वळणाचं काही वाजवायचंय, कोणी येतंय का? शेली आला. दोघांची जोडी जमली, पण बँड काही होईना. ड्रम वाजवणारा मिळाला तर बेसवाला नाही, बेसवाला मिळाला तर ड्रम नाहीत.

फेब्रुवारी १९७६मध्ये न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या संगीत साप्ताहिकात नील स्पेन्सर यांनी लिहिलेला एक छोटासा वृत्तान्त आला. लंडनच्या मार्की क्लबमध्ये सेक्स पिस्टल्स नावाच्या कुठल्याशा बँडने घातलेल्या धिंगाण्याचा. आम्हाला संगीतात रस नाही, गोंधळात आहे, असं त्या बँडचा गिटारवादक स्टीव्ह जोन्स म्हणाल्याचं त्यात छापलं होतं. देशभर हजारोंनी तो मजकूर वाचला असणार. या दोघांनी त्या आठवड्याच्या शेवटी एक गाडी उसनी मागून घेतली आणि थेट दक्षिणेची वाट धरली. डिव्होटोचा शाळेतला मित्र रिचर्ड बून रेडिंगला कला शिकत होता. त्याच्याकडे मुक्काम ठोकला आणि लागोपाठ दोन रात्री, हाय वायकम आणि वेल्विन गार्डन सिटी इथे, पिस्टल्स ऐकले. हाय वायकमला तर पिस्टल्स मुख्य बँडही नव्हते, स्क्रीमिंग लॉर्ड सच या जुन्या गायकाच्या आधी त्यांना थोडा वेळ मिळाला होता.

त्या फेरीत दोन गोष्टी झाल्या. ‘टाइम आउट’ या लंडनच्या साप्ताहिकातल्या एका मथळ्यातून त्यांनी आपल्या न जमलेल्या बँडसाठी नाव उचललं: बझकॉक्स. आणि पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन याला त्यांनी सांगून टाकलं की आमच्याकडे या, कार्यक्रम आम्ही लावतो. अट एकच, तुमच्या आधी आम्ही वाजवणार.

या अटीकडे इतिहास सांगणारे सहसा फारसं लक्ष देत नाहीत. सगळं प्रकरण मात्र तिच्यावरच उभं आहे. आवडत्या बँडला आपल्या गावी बोलवावं, एवढीच चाहत्यांची हौस त्यात नव्हती. स्वतःला उभं राहायला जागा हवी, म्हणून हे दोघे आयोजक झाले.

हॉल मिळवणं

आधी त्यांनी आपल्याच कॉलेजात विचारलं. नकार आला. तसं कॉलेजचं आणि त्यांचं फारसं सख्य नव्हतंच. १ एप्रिलला दोघांनी तात्पुरते साथीदार गोळा करून कॉलेजच्याच एका समारंभात वाजवायचा प्रयत्न केला होता, आणि दोन-तीन गाणी होतात न होतात तोच त्यांचा आवाज बंद करण्यात आला होता.

मग लेसर फ्री ट्रेड हॉल ठरला. त्या वास्तूविषयी थोडं सांगायला हवं, कारण हा हॉल कुणाचा होता याला महत्त्व आहे. १८१९च्या ऑगस्टमध्ये मताधिकार मागायला जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडदळ घातलं गेलं, ती पीटर्लूची कत्तल जिथे झाली त्याच सेंट पीटर्स फील्ड्सच्या जागेवर ही इमारत १८५०च्या दशकात उभी राहिली. धान्यावरचे आयात-कायदे रद्द झाले, त्या विजयाचं ते स्मारक. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने तिची आतली रचना उद्ध्वस्त झाली, पुन्हा बांधकाम होऊन १९५१ साली ती उघडली. खालचा मोठा हॉल म्हणजे हॅले ऑर्केस्ट्राचं घर. मे १९६६मध्ये बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतल्यावर प्रेक्षकांतून कोणीतरी ‘जुडास!’ (म्हणजे विश्वासघातकी) म्हणून ओरडलं, तेही याच मोठ्या हॉलमध्ये.

वरच्या छोट्या हॉलला असली प्रतिष्ठा नव्हती. मालकी नगरपालिकेची, आणि भाडं भरेल त्याला मिळणारा. भाषणं, बैठका, हौशी मंडळींचे छोटे कार्यक्रम असं तिथे चालायचं. खुर्च्या पक्क्या बसवलेल्या, रांगेत. तो रॉक क्लब नव्हता, दारूचा बारही नव्हता. अशा जागांचा गुण हा की तिथे तुम्हाला कोणाच्या आवडीनिवडीतून पार पडावं लागत नाही. क्लबचा मालक विचारतो की तुमच्या बँडमुळे किती बिअर खपेल. कॉलेजची समिती विचारते की हे कोण, यांचं नाव कोणी ऐकलंय. सार्वजनिक हॉलचा कारकून तारीख मोकळी आहे का ते पाहतो आणि पावती फाडतो. १९७६च्या ब्रिटनमध्ये नव्या, ओबडधोबड, कोणाला माहीत नसलेल्या संगीताला याहून मोठी सवलत मिळणं शक्य नव्हतं.

त्या काळचा रॉक कुठे जाऊन पोचला होता हेही ध्यानात घ्यावं. मोठ्या बँडांची गाणी वीस-वीस मिनिटांची, वाद्यांचे ढीग, सामान वाहायला ट्रक. ते पाहणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला थक्क होता यायचं, पण ‘हे मी करीन’ असं वाटण्याची सोय नव्हती. गावातल्या बँडांना कामं मिळायची ती बहुतेक दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवायची.

ती संध्याकाळ

तारीख आली, जाहिरात झाली, तिकिटं छापली, आणि बझकॉक्सकडे अजूनही बेसवाला नव्हता, ड्रमर नव्हता. आयोजकांनाच आपला बँड यादीतून काढावा लागला. ऐन वेळी पहिल्या फेरीसाठी सॉल्स्टिस हा बोल्टनचा बँड उभा केला गेला. त्यांचं संगीत जुन्या वळणाचं, लांब केसांच्या रॉकचं. म्हणजे ज्याच्या विरोधात पिस्टल्स उभे होते नेमकं तेच. अनेकांनी याची पुढे चेष्टा केली आहे. मला मात्र ही आयोजनातली सुदैवी गोष्ट वाटते. कालचं आणि उद्याचं एकाच रंगमंचावर, मध्ये फक्त वाद्यं बदलण्याएवढा वेळ. ऐकणाऱ्याला फरक वेगळा समजावून द्यायची गरजच उरली नसेल.

दारात डिव्होटो आणि शेली पैसे घेत होते. मॅक्लॅरन काळ्या चामडी कपड्यांत बाहेर रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत बोलवत होता. तिथेच स्टीव्ह डिगल नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा कोणाची तरी वाट बघत थांबला होता. कोणी तरी त्याला भेटणार होतं, बँड काढायचं बोलायला. मॅक्लॅरनने त्याला विचारलं, तू बेस वाजवतोस ना? तिकडे शेलीही त्या रात्री जाहिरात वाचून येणाऱ्या एका बेसवाल्याची वाट पाहत होता. मॅक्लॅरनला वाटलं, तो हाच. डिगलला त्याने खिडकीपाशी नेऊन उभं केलं: हा घ्या तुमचा बेसवाला. दोघांनाही बोलता बोलता कळलं की ज्याला भेटायचं होतं तो माणूस वेगळाच आहे. पण तोवर गप्पा सुरू झाल्या होत्या, आवडीनिवडी जुळल्या होत्या. डिगल आत जाऊन बसला, पिस्टल्स ऐकले, आणि बझकॉक्सला बेसवाला मिळाला.

हा योगायोग आहे, मान्य. पण मॅक्लॅरनला ती चूक करता आली कारण खिडकीत बसलेल्या पोराला बेसवाला हवाय हे त्याला ठाऊक होतं. तिकिटं विकायला पगारी माणूस असता, तर डिगलने पन्नास पेन्स दिले असते आणि कार्यक्रम संपल्यावर तो घरी गेला असता.

आत काय झालं याच्या आठवणी एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत, तसं व्हायचंच. मोरिसी तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे द स्मिथ्सचा गायक म्हणून तो जगभर गाजला. त्याने त्याच महिन्यात न्यू म्युझिकल एक्स्प्रेसला पत्र पाठवलं आणि ते १८ जूनच्या सुमारास छापूनही आलं. आठवण ताजी असताना लिहिलेलं असल्याने मला ते सगळ्यांत विश्वासाचं वाटतं. बँडचे कपडे जुन्या बाजारातून आणल्यासारखे होते, आणि जे थोडे लोक आले होते ते खुर्च्यांमधल्या वाटांत नाचले, असं तो लिहितो. प्रेक्षकांतल्या कोणीतरी केलेलं ध्वनिमुद्रणही टिकलं आहे. पुढे ते अधिकृत संचातही आलं. त्यात कळतं ते असं की बँड वाजवताना विस्कळीत आहे, पण ऐकताना पुढचा क्षण काय घेऊन येईल याचा नेम नाही. पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन गाण्यांच्या मध्ये समोरच्यांना टोमणे मारतोय, समोरचे त्याला उत्तरं देताहेत. चाळीस माणसांच्या हॉलमध्येच हे जमतं. चार हजारांत माणूस ओरडतो तेव्हा तो गर्दीतला आवाज होतो. चाळिसांत तो संवाद होतो.

सॅलफर्डचे दोन मित्र तिथे होते, पीटर हुक आणि बर्नार्ड समनर. दोघेही वीस वर्षांचे, संगीताचं शिक्षण नाही. हुकला मँचेस्टर इव्हनिंग न्यूजमधली छोटी जाहिरात दिसली होती. ऐकलेला गोंगाट त्याला भयंकर वाटला आणि त्याच वेळी असंही वाटलं, की हे आपल्यालाही जमेल. दुसऱ्याच दिवशी त्याने जाऊन बेस गिटार विकत घेतलं. वाजवता येत नव्हतं, ते नंतर शिकायचं असं ठरलं.

शेहेचाळीस दिवस

दंतकथा इथे संपते. प्रकरण मात्र इथून पुढे खरं रंगतं. मला कोणी विचारलं की त्या वर्षातला सगळ्यांत महत्त्वाचा काळ कोणता, तर मी ४ जूनची रात्र म्हणणार नाही. ४ जून ते २० जुलै या मधल्या शेहेचाळीस दिवसांकडे बोट दाखवीन.

डिगल आला होता. जॉन माहर हा सोळा वर्षांचा शाळकरी ड्रमर मिळाला. चौघांनी तालमी सुरू केल्या. आणि डिव्होटो-शेलींनी तोच हॉल, तोच लंडनचा बँड पुन्हा ठरवला: मंगळवार, २० जुलै. या वेळी तिकीट एक पाउंड. यादीत बझकॉक्स, त्यांच्या आयुष्यातला पहिला पूर्ण कार्यक्रम, आणि जोडीला विथनशॉ भागातला स्लॉटर अँड द डॉग्ज हा बँड.

स्लॉटर अँड द डॉग्जना बोलावणं हा आयोजकाच्या डोक्यातून निघालेला शहाणा निर्णय होता. विथनशॉ ही शहराच्या दक्षिणेला वसवलेली मोठी वसाहत आहे, आणि त्या पोरांचा आपला असा चाहतावर्ग होता. ते आले म्हणजे त्यांची मित्रमंडळी येणार. तशी ती आलीही. पहिल्या वेळी रिकामा वाटलेला हॉल या वेळी भरला. थोडी हाणामारीही झाली म्हणतात. पहिल्या रात्री संगीताची पत्रं वाचणारे, शोधून शोधून आलेले लोक होते. दुसऱ्या रात्री शेजारच्या मुलाबरोबर आलेले होते. एका शहरात काही रुजायचं असेल तर ही दुसरी माणसं लागतात.

इयन कर्टिस या दुसऱ्या रात्री तिथे होता, विसावा वाढदिवस होऊन पाच दिवस झालेला. हुक आणि समनरच्या बँडला गायक हवा होता, तो पुढे हाच झाला. त्या बँडचं नाव आधी वॉर्सॉ आणि १९७८पासून जॉय डिव्हिजन. मार्क ई. स्मिथ आणि पुढे द फॉल हा बँड काढणारी त्याची मित्रमंडळीही याच दोन रात्रींपैकी एखादीला होती. ग्रॅनाडा टेलिव्हिजनवरचा निवेदक टोनी विल्सन पहिल्या रात्री होता का, यावर इतका वाद झाला आहे की त्यात शिरण्यात मला काही हशील दिसत नाही. दुसऱ्या रात्री होता हे बहुतेक सगळे मान्य करतात, आणि त्याच वर्षी त्याने पिस्टल्सना आपल्या कार्यक्रमातून पहिल्यांदा टीव्हीवर आणलं, हे जास्त कामाचं आहे.

या सगळ्यांनी लंडनचा बँड पाहिला खरा. पण २० जुलैला त्यांनी आणखी एक दृश्य पाहिलं, आणि मला वाटतं तेच जास्त खोलवर गेलं असणार. सहा आठवड्यांपूर्वी जो याच हॉलच्या दारात तिकिटं फाडत होता, तो पोरगा आता रंगमंचावर उभा राहून वाजवत होता. लंडनचे कसेही असोत, शेवटी लंडनचे. शेली बोल्टनचा.

बाकीच्या गावांत का नाही

कुठलंही प्रकरण अभ्यासताना विचारावं, की हीच गोष्ट दुसरीकडे घडली तेव्हा काय झालं? इथे तशी तुलना सहज करता येते. पिस्टल्सनी १९७६च्या मे महिन्यात उत्तर इंग्लंडमध्ये आणखीही कार्यक्रम केले: नॉर्थअलर्टन, स्कारबरो, मिडल्सबरो. बँड तोच, चौघे तेच, गाणी जवळपास तीच, तारखांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर. तिथेही कुणा मुलाच्या डोक्यात वीज चमकली असेल. पण तिथल्या रात्रींबद्दल आज जगात कोणी बोलत नाही.

म्हणजे बँड हे कारण पुरेसं नाही. प्रेक्षक किती आले, हेही नाही. त्या कार्यक्रमांत बाहेरचा बँड ठरलेल्या क्लबात किंवा टाउन हॉलात आला, वाजवून पुढच्या गावी गेला. मागे कोणी उरलं नाही, ज्याला दुसऱ्या दिवशी पुढच्या कार्यक्रमाची काळजी करायची होती. मँचेस्टरमध्ये ती काळजी करणारे दोघे होते, कारण त्यांचं स्वतःचं वाजवणं राहून गेलं होतं. पहिल्या रात्री बझकॉक्स तयार असते तर दुसरी रात्र इतक्या निकडीने लागली असती का, याची मला शंका आहे.

अर्थात माझ्या या मांडणीच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. मँचेस्टर काही कोरी पाटी नव्हतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे म्युझिक फोर्स नावाची संगीतकारांची सहकारी संस्था काम करत होती. ध्वनियंत्रणा भाड्याने देणं, बँडांना कामं मिळवून देणं, भिंतींवर पोस्टर चिकटवणं असली सगळी कामं ती करायची. मार्टिन हॅनेट आणि टॉश रायन ही माणसं त्यातलीच. ग्रॅनाडा ही टीव्ही कंपनी शहरातच होती. स्कारबरोला हे काही नव्हतं. तेव्हा एकट्या दोन विद्यार्थ्यांनी शहर बदललं असं म्हणणं म्हणजे जुन्या दंतकथेच्या जागी नवी दंतकथा आणून ठेवणं होईल. जमीन भुसभुशीत होती. पण ती वर्षानुवर्षं तशीच होती, आणि तरी १९७६च्या जूनपर्यंत तिच्यात हे बी पडलं नव्हतं.

रेकॉर्डच्या पाठीवरचा हिशेब

त्याच वर्षीच्या २८ डिसेंबरला बझकॉक्सनी मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली. पाचशे पाउंड मित्रांकडून आणि घरच्यांकडून उसने घेतले, त्यातला मोठा वाटा शेलीच्या वडिलांचा. निर्मिती म्युझिक फोर्सवाल्या मार्टिन हॅनेटची, ‘मार्टिन झिरो’ या नावाने. लंडनच्या कंपन्यांकडे न जाता त्यांनी न्यू हॉर्मोन्स हे आपलंच लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, सुरू केलं. फेब्रुवारीत रेडिंगला ज्याच्या घरी मुक्काम केला होता तो रिचर्ड बून आता त्यांचा व्यवस्थापक होता. मुखपृष्ठासाठी पोलरॉइडने काढलेला फोटोही त्याचाच. २९ जानेवारी १९७७ला ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड बाहेर पडली. सुरुवातीच्या एक हजार प्रती बघता बघता संपल्या, आणि पुढे आकडा सोळा हजारांवर गेला.

या रेकॉर्डच्या पाठीवर एक बारीक गोष्ट छापलेली आहे. प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या खेपेला ध्वनिमुद्रित झालं आणि त्यावर नंतर वाद्यं चढवली की नाही, हे लिहिलं आहे. पहिली खेप, तिसरी खेप, इतकं साधं. एखाद्या सुताराने खुर्चीखाली किती खिळे लागले ते लिहून ठेवावं तसं. वाचणाऱ्याला कळतं की एवढंच लागतं, आणि एवढं आपल्यालाही परवडेल. हुकला चौथ्या रांगेत की सहाव्या रांगेत बसून जे वाटलं होतं, तेच आता छापील स्वरूपात कुठल्याही गावच्या मुलाच्या हातात पडत होतं. ब्रिटनमधल्या स्वतंत्र लेबलांची लाट मोजायची ती अनेकजण इथूनच मोजतात.

रेकॉर्ड आल्यावर काही आठवड्यांतच डिव्होटो बँड सोडून गेला आणि त्याने मॅगझिन हा दुसरा बँड काढला. शेली आणि डिगलनी बझकॉक्स पुढे नेला. स्लॉटर अँड द डॉग्जची पहिली रेकॉर्ड रायन आणि हॅनेटच्या रॅबिड या लेबलवर आली. त्यापुढचं सर्वांना माहीत असलेलं आहे: १९७८मध्ये विल्सन आणि मंडळींचं फॅक्टरी हे लेबल, पुढच्या वर्षी जॉय डिव्हिजनची पहिली मोठी रेकॉर्ड, १९८२मध्ये हासिएन्डा क्लब. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. हॅले ऑर्केस्ट्रा १९९६मध्ये नव्या जागी गेला, फ्री ट्रेड हॉल विकला गेला, आणि २००४पासून त्या दर्शनी भिंतीमागे हॉटेल आहे.

मला त्यापेक्षा १९७७च्या वसंतातल्या एका तळघराबद्दल सांगायचंय. नॉर्थ वेस्ट आर्ट्स ही त्या भागातल्या कलांना सार्वजनिक पैशातून मदत करणारी संस्था. तिच्या किंग स्ट्रीटवरच्या कचेरीखाली तळघर होतं. ट्रेव्हर विशार्ट आणि डिक विट्स या दोघा संगीतकारांनी मँचेस्टर म्युझिशियन्स कलेक्टिव्ह नावाचं मंडळ काढलं आणि ते तळघर वापरायला मिळवलं. यायचं, वाजवायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये दोन पोरांनी जे पदरमोड करून, धावपळ करून केलं, त्याची इथे नेमाने सोय झाली. आयोजक आणि वादक तेच, एकमेकांचे प्रेक्षकही तेच. वॉर्सॉची मंडळीही पुढे या कलेक्टिव्हमध्ये येऊन-जाऊन होती. सार्वजनिक पैशातून कलेसाठी झालेल्या खर्चांमध्ये इतका थोडका आणि इतका फळलेला खर्च मला तरी पटकन आठवत नाही. तळघर तसंही रिकामंच होतं.

२३ मे १९७७ला त्या तळघरात द फॉलने आपला पहिला कार्यक्रम केला. बझकॉक्सची माणसं ऐकायला आली होती. रिचर्ड बूनला तो बँड इतका आवडला की त्या वर्षाच्या अखेरीस द फॉलच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओचे पैसे त्याने भरले. न्यू हॉर्मोन्सकडे ती रेकॉर्ड छापून बाजारात आणण्याएवढी रक्कम मात्र उरली नाही. मग बूनने ध्वनिमुद्रण बँडच्या हवाली केलं, आणि १९७८मध्ये ते दुसऱ्या लेबलवर बाहेर आलं.